मोतीबाईची साक्ष

तांडा, ता. दारव्हा
१५ सप्टेंबर २०२४

लखन बेटा,

प्रभू तुह्यासंग आहे, अन् तुही याडीही आहे, जेवढं दुरून राहता येते तेवढी.

मले शास्त्रातलं छापील अक्षर वाचता येते, पण लिहाचं म्हटलं की हात दगडाचा होते. म्हणून तुह्या लहान्या भावाच्या, बादलच्या बायकोले समोर बसवलं. दीपा म्हणते, आई, शुद्ध लिहू का? मी म्हटलं, मी शुद्ध बोलते का? जसं बोलते तसं लिही. आता लिहून राह्यली अन् हसून राह्यली.

ऑगस्टमध्ये कोर्टानं दोन वर्षं सांगतली अन् तुले नेलं, तवा मी आवाज दिलता. तू मागं पाह्यलं नाही. गर्दीत ऐकू आलं नसन.

पास्टर नेमसिंग मले उमरखेडले घेऊन गेलते. तिथं मंडळीची सभा होती, दोनशे माणूस असन. मले म्हणे, मोतीबाई, उभं राहून साक्ष द्या. मी उभी राह्यली. म्हटलं, एप्रिलमध्ये बाजाराच्या दिवशी माह्या पोराच्या जीपखाली एक बाई आली. विमलताई नाव. डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन रोड ओलांडत होती, तिथंच गेली बिचारी. जीप पळून तांड्यात आली. गाडीचा नंबर कोणी पाह्यला नव्हता, पचलं असतं. पण देवाचं ऐकाचं की पोराचं? मी पोराचा हात धरला अन् ठाण्यात नेऊन उभा केला. बाया रडल्या बाप्पा. पास्टर म्हणाले, आज्ञापालन याले म्हणतात, शिका या बाईपासून. आता मारेगावच्या मंडळीनं बोलावलं आहे.

तू तिथं नीट राह्य. खोटं बोलू नको. कोणाच्या ताटातलं घेऊ नको. रविवारी काम लावलं तर साहेबाले नम्रपणानं सांग, आज आमचा उपासनेचा दिवस. नाही ऐकलं तर काम कर अन् मनातल्या मनात गाणं म्हण, देव काही बहिरा नाही.

बादल बरा आहे. गाडी चालवत नाही, वावरात जाते. दीपाले आठवा चालू आहे.

तुही याडी,
मोतीबाई

दादा, मी दीपा. आई रोज तुमच्या शर्टाच्या घड्या मोडते आणि पुन्हा घालते. हे त्यांनी सांगितलेलं नाही, मी लिहिते आहे.

---

यवतमाळ
२९ सप्टेंबर २०२४

याडी,

चिठ्ठी भेटली. इथं आलेल्या अन् जाणाऱ्या दोन्ही चिठ्ठ्या उघडून वाचतात, मंगच पुढं सोडतात. तवा जपून लिहत जा.

मले सैपाकघरात लावलं आहे. दीडशे माणसाच्या पोळ्या. पयले माह्या पोळ्या पाहून सगळे म्हणे, हा कोणत्या देशाचा नकाशा आहे? आता गोल येतात. रविवारीही लाटाव्या लागतात. देवाले सांग, लोक उपाशी ठेवून मले गाणं म्हणता येत नाही.

कोर्टात आवाज ऐकला होता. मुद्दामच मागं पाह्यलं नाही. पाह्यलं असतं तर पाय उचलला नसता.

याडी, एक मागतो. आजवर काही मागितलं नाही. ते साक्षीचं बंद कर. मारेगावले जाऊ नको. आपल्या घरातली गोष्ट लोकाईच्या तांड्यात कायले उघडी करतं? तू मले ठाण्यात नेलं, ते तुह्या जागी बरोबर होतं. मले राग नाही. पण त्याच्यासाठी लोकाईनं तुह्या पाया पडावं हे मले सोसत नाही.

बादलकडे ध्यान दे. जेवते का? बोलते का? त्याले म्हण, दादानं सांगतलं आहे, लेकराच्या बापानं तोंड पाडून राहू नये. माही जीप होती, माहं लायसन होतं, जे झालं ते माह्यावर. हे त्याले वाचून दाखव.

दीपाले जड उचलू देऊ नको.

लखन

---

तांडा
३ नोव्हेंबर २०२४

लखन बेटा,

पोरगी झाली! मागच्या महिन्यात सतरा तारखेले, दारव्ह्याच्या दवाखान्यात. नाक आपल्या घराचं, रंग दीपाच्या माहेरचा. घरात सगळे सोनूच म्हणतात, कागदावरचं नाव तू आल्यावर ठेवजो.

मारेगावले जाऊन आली. तुही चिठ्ठी त्याच्या आधी आलती, खोटं कायले बोलू. पास्टरनं गाडी सांगतली होती, जेवण ठेवलं होतं, नाही कसं म्हणाचं? पण एक सांगते तुले, परत येताना जीव थाऱ्यावर नव्हता. एक म्हातारी माहा हात डोळ्याले लावून रडली. म्हणे, बाई, तुम्ही पवित्र आहात. मी हात सोडवून घेतला.

मंग मी मनात म्हटलं, लोकाईपुढं उभं राहून बोलनं सोपं आहे मोतीबाई. ज्याचं घर बसलं त्याच्या दारात उभी राह्य. अन् मी विमलताईच्या वावरात गेली. त्याहिची पऱ्हाटी फुटून पांढरीशुभ्र झाली आहे अन् वेचाले माणूस नाही. दरसाली विमलताईच बाया गोळा करे. मी ओटी बांधली अन् धुऱ्याकडच्या, बांधालगतच्या ओळीपासून वेचाले लागली.

त्याहिची पोरगी अपेक्षा, कॉलेजात आहे, धावत आली. माही ओटी सोडून कापूस सगळा मातीत उधळला. म्हणे, निघ इथून, तुझा देव तुझ्या घरी पूज. मी मातीतला कापूस उचलून, झटकून, गंजीवर टाकला अन् घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी सदाशिवराव स्वतः आले. बायको गेल्यापासून माणूस वाळून काडी झाला आहे. म्हणे, वेच, पण मजुरी भेटणार नाही. मी म्हटलं, मागितली कोणी? तेव्हापासून रोज जाते. ते बोलत नाहीत, मी बोलत नाही. कापूस तेवढा घरात जाते.

आज महिन्याचा पयला रविवार, प्रभुभोजन होतं. आपल्या मंडळीचा रिवाज तुले ठाऊक आहे, ज्याच्या मनात कोणाबद्दल काही आहे त्यानं आधी जाऊन त्याचा हात धराचा, मंगच भाकर घ्याची. बादल आतच आला नाही. चपलांपाशी उभा राह्यला. हे सातव्यांदा. पास्टर म्हणतात, भावाचं दुःख आहे, वेळ द्या. पोरीलेही उचलून घेत नाही. दीपा मांडीवर ठेवते, तर म्हणते, हात मळके आहेत.

मोतीबाई

---

यवतमाळ
२० नोव्हेंबर २०२४

याडी,

पोरीचं वाचून मी सैपाकघरात नाचलो. शिपाई म्हणे, सुटला का रे? मी म्हटलं, काका झालो. त्यानं सगळ्याईच्या चहात थोडी जास्त साखर टाकू देली.

आता नीट ऐक. त्या वावरात जाऊ नको. एकही दिवस नाही. तुले पुण्य कराचं असन तर मंडळीच्या आवारातलं गवत काढ, कोणाच्या म्हाताऱ्याची सेवा कर, काहीही कर. सदाशिवरावाच्या दुःखात तू कायले जातं? त्या माणसाले तुहं तोंड पाहून रोज बायको आठवत असन. त्याहिच्यासंग बोलू तर अजिबातच नको. त्या दिवसाचं तर नाहीच नाही.

तू म्हणशीन, पोरगा घाबरला. हाव, घाबरलो. मले शपथ घालाची नाही, आपल्यात शपथ चालत नाही, नाहीतर घातली असती.

बादलले भेटीले पाठव. एकट्याले.

लखन

---

तांडा
१२ जानेवारी २०२५

लखन बेटा,

दोन महिने चिठ्ठी नाही म्हणून रागावला असशीन. नाताळ आला अन् गेला. बादलले तीनदा म्हटलं, दादानं बोलावलं. एकदा स्टँडपर्यंत गेला, यष्टी सोडून परत आला.

मी वावरात जानं सोडलं नाही. तुहं ऐकलं नाही, मान्य आहे.

शेवटची वेचणी होती. थंडी होती, दुपारी धुऱ्यावर शिदोरी सोडली. सदाशिवराव येऊन बसले. अपेक्षानं भाजलेल्या शेंगा पाठवल्या होत्या, त्या माह्यापुढं सरकवल्या. मंग स्वतःच बोलाले लागले. मी विचारलं नाही, देवाशपथ... पाह्य, शपथ निघाली तोंडातून.

म्हणे, मोतीबाई, तुमचा लांबडा पोरगा वाईट नाही. मी त्या दिवशी दोन वावरं पलीकडे होतो, धावत सुटलो. जीप थांबली, तो डाव्या दारानं उतरला, विमलच्या तोंडात बाटलीतलं पाणी घातलं, तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं दोन घोट घेतले. मी जवळ येईपर्यंत आतून कोणीतरी ओरडलं, दादा चाल. तो डाव्या दारानंच आत बसला अन् जीप गेली. ठाण्यात मले विचारलं, हाच का तो? मी म्हटलं, हाच होता. तिले पाणी पाजणारा हाच. चालवत कोण होतं, हे मले कोणी विचारलंच नाही, अन् माहंही डोकं तेव्हा ठिकाणावर नव्हतं. आता बसल्या बसल्या वाटते, डाव्या बाजूनं उतरणारा माणूस गाडी कशी चालवन?

मी शेंगा तशाच ठेवल्या. उठली, अन् पुढच्या ओळीले लागली.

पाच तारखेले प्रभुभोजन होतं. भाकरीचं ताट माह्यापर्यंत आलं अन् मी ते शेजारच्या संगीताकडे सरकवलं. सगळ्या मंडळीनं पाह्यलं. वीस वर्षांत पयल्यांदा.

मोतीबाई

दादा, मी दीपा. आईंनी सांगितलं तसं लिहिलं. तुम्ही डाव्या बाजूला बसला होता तर उजव्या बाजूला कोण होतं? यांना विचारलं तर ताट सारून उठून गेले. तुम्ही मला खरं सांगाल ना?

---

यवतमाळ
२१ जानेवारी २०२५

याडी, दीपा,

दोघीईले एकच चिठ्ठी. मागची इथं कोणी नीट वाचली नाही, ही सुटून जाणाऱ्या माणसाच्या हातानं पाठवतो. वाचली की चुलीत टाका.

जे सदाशिवरावानं पाह्यलं ते दुरून पाह्यलं. माणूस रडत धावते तवा त्याले उजवं डावं कळत नाही. दीपा, तू लेकुरवाळी आहे, डोक्याले ताण देऊ नको. पोरीकडे पाह्य.

याडी, तुले एकटीले लिहितो. तुले जे वाटून राह्यलं ते वाटू दे, पण तोंडानं बोलू नको. मी जे कबूल केलं ते माह्या मर्जीनं केलं. तू मले आज्ञापालन शिकवलं. लहानपणी अंड्याएवढी चूक झाली तरी हात धरून लोकाच्या दारात नेऊन माफी मागाले लावलं. मी शिकलो. माह्यापुरतं मले समजलं की भावाचं ओझं आपल्या पाठीवर घेता येत असन तर घ्याचं. एवढंच शिकलो म्हण.

अन् मले एका गोष्टीचं समाधान आहे. तू मले ठाण्यात नेलं तवा तुह्या मनात खोट नव्हती. तुले जे खरं वाटलं ते तू केलं. मले इथं झोप लागते ती त्या एका गोष्टीनं. माही याडी देवापुढं साफ आहे, हे मी स्वतःले सांगतो अन् कूस बदलतो.

दीड वर्षं राह्यलं. चांगलं वागलो तर कमी होईन. थांब.

लखन

---

तांडा
९ फेब्रुवारी २०२५

लखन,

ही चिठ्ठी साहेब वाचतीन. वाचू दे. साहेब, तुम्हीही वाचा, मी मोतीबाई, लखनची आई, सांगून राह्यली.

दीपा, लिही. थांबू नको.

त्या दिवशी जीप अंगणात शिरली तवा तुले वाटलं मी घरात होती अन् आवाज ऐकून बाहेर आली. मी घरात नव्हती. गोठ्याच्या आडोशाले शेळीले पाला टाकून राह्यली होती. मी पाह्यलं. स्टेअरिंगवर बादल होता. तू बाजूले, शर्टाले रक्त. तू उतरून तिकून गेला, त्याले खाली ओढलं, किल्ली काढून आपल्या खिशात टाकली अन् त्याच्या कानात काहीतरी बोलला. मी मागच्या दारानं घरात शिरली अन् समोरच्या दारानं बाहेर आली, जशी काही आताच आली.

अन् तुहा हात धरला.

दीपाले तिसरा महिना होता. तुही बायको जाऊन चार वर्षं झाली, मागं लेकरू नाही. बादल लहानपणापासून कच्चा, तो तिथं टिकला नसता. हे सगळं मी मागच्या दारापासून समोरच्या दारापर्यंत ठरवलं. बाजारात दोन बकऱ्यांतलं एक पुढं काढावं तसं तुले काढलं. तू एक शब्द बोलला नाही, अन् मी मनात म्हटलं, पोरगा स्वतःच तयार आहे, देवाचीच योजना. देवाच्या नावावर काय काय खपवते माणूस, लखन!

मंग लोक पाया पडाले लागले. तुले सांगते, गोडही लागलं. खोटं कायले बोलू? उमरखेडले दोनशे माणसांपुढं उभं राह्यल्यावर मले स्वतःलेच वाटाले लागलं की असंच घडलं होतं. देवानं एकच सांगतलं होतं, खरं बोल. तेवढं सोडून मी बाकी सगळं केलं. कापूस वेचला, उपास केले, साक्षी देल्या. सदाशिवरावानं धुऱ्यावर जे सांगतलं ते मले नवीन नव्हतं. तुह्या चिठ्ठीत तू लिहिलं, माही याडी साफ आहे, त्याच्यावर मले झोप लागते. ते वाक्य दीपानं वाचलं अन् माह्या तोंडात घास तसाच राह्यला.

दोन तारखेले पयला रविवार होता. भाकर मोडाच्या आधी मी उभी राह्यली अन् सगळं सांगतलं. बादल त्या दिवशी पयल्यांदा आत येऊन बसला होता. का आला देव जाणे. तो उठला, चपलाही घातल्या नाहीत. पास्टर म्हणाले, मोतीबाई, बसा, तुमची तब्येत ठीक नाही. मी म्हटलं, तब्येत आजच ठीक आहे. कोणी रडलं नाही. उपासना झाल्यावर कोणी माहा हातही धरला नाही.

सोमवारी ठाण्यात गेली. त्याहिनं लिहून घेतलं अन् म्हटलं, बाई, तेव्हा एक पोरगा आणला, आता दुसरा सांगता, कोणतं खरं मानायचं? अन् तो दुसरा आहे कुठं? बादल रविवारपासून घरी नाही. फोन उशीखाली ठेवून गेला.

सदाशिवरावाच्या दारातही गेली. त्याहिनं उभ्यानंच ऐकून घेतलं. म्हणे, चुकलेल्या पोराची माय म्हणून तुले वावरात येऊ देलं होतं. तू तर माह्या बायकोच्या मरणावर नाव कमावलं. पुन्हा या धुऱ्यावर पाय ठेवू नको. खरंच बोलले.

तुले माफी मागत नाही. कोणत्या तोंडानं मागू?

मोतीबाई

दादा, मी दीपा. एक अक्षर बदललं नाही. तुम्ही सगळे माझ्या पोटाचं नाव पुढे करून खोटं बोललात. मला तेव्हा कळलं असतं तर मी यांना ठाण्यात नेलं असतं की लपवलं असतं, मला माहीत नाही. पण ते ठरवायला मला मिळालं असतं. सोनू बरी आहे. आईंना मी जेवायला वाढते. बोलत नाही.

---

यवतमाळ
२४ फेब्रुवारी २०२५

याडी,

चिठ्ठी हातात आली त्याच्या आधी साहेबानं बोलावलं. टेबलावर तुही चिठ्ठी उघडी होती. खुर्चीवर बस म्हणाले. मंग विचारलं, लखन, हे खरं आहे का? गाडी कोण चालवत होतं?

दहा महिने झाले याडी. ठाण्यात विचारलं, गाडी तुझी का? कोर्टात विचारलं, गुन्हा कबूल का? मी कबूल म्हटलं, ते खोटं होतं, त्याचं मी देवाले सांगन. पण कोण चालवत होतं, हे साहेबाच्या आधी कोणीच विचारलं नाही. साहेबानं घाई केली नाही. मंग मी म्हटलं, हो, चिठ्ठीत लिहिलं ते खरं आहे. त्याहिनं माहं म्हणणं लिहून वर पाठवलं. पुढं काय होईन ते कोणालेच ठाऊक नाही, मलेही शिक्षा वाढू शकते म्हणतात, कोर्टाले फसवलं म्हणून.

बादल सापडला तर त्याले एवढं सांग, दादानं तुहं नाव आपणहून काढलं नाही, पण विचारल्यावर लपवलंही नाही. त्याले मारू नको. जेवू घाल.

आता तुहं. त्या दिवशी अंगणापासून ठाण्यापर्यंत आपण दीड कोस पायी गेलो. तू माहा हात सोडला नाही. सगळ्या रस्त्यानं तू मोठ्यानं प्रार्थना करत होती. मी वाट पाहत होतो, की आता विचारशीन, आता विचारशीन, लखन, खरं सांग, काय झालं? तू विचारलं असतं तर मी तुले खोटं बोललो नसतो. तुले माहीत होतं मी खोटं बोलणार नाही. म्हणून तू विचारलं नाही.

एवढ्यात भेटीले येऊ नको. दीपाले अन् पोरीले पाठव.

लखन